घरी राहा, सुरक्षित राहा. पण कुणाच्या घरी?

आजचा विषय महासाथीच्या काळातला आहे, पण तो त्या काळापुरता नाही. कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडू पाहणाऱ्या बाईला निवारा कोण देतं, कुठे देतं आणि किती दिवस देतं, हे आज आपल्याला समजून घ्यायचं आहे. विषय समाजकल्याण खात्याचा वाटेल. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम, असंही कुणाच्या मनात येईल. तर आमचं काम एवढंच, की रोजच्या बोलण्यातल्या एखाद्या वाक्याच्या पोटात कोणतं गृहीतक दडलंय ते बाहेर काढून दाखवायचं.

ते वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. २०२० च्या मार्चमध्ये फोन लावला तरी ते कानावर पडायचं, टीव्ही लावला तरी तेच. घरी राहा, सुरक्षित राहा. साथीच्या दृष्टीने सल्ला योग्यच होता. पण या वाक्याचे दोन तुकडे करून बघा. घरी राहा, हा आदेश. सुरक्षित राहा, हा परिणाम. आणि या दोहोंना जोडणारं गृहीतक असं, की घर ही सुरक्षित जागा आहे. विषाणूपासून असेलही. पण माणसापासून?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, १८ ते ४९ या वयोगटातल्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून झालेली हिंसा अनुभवली होती. म्हणजे दहांतल्या जवळजवळ तिघी. या बायकांसाठी त्या वाक्याचे दोन तुकडे एकमेकांना जोडलेच जात नव्हते. घरी राहायचं तर सुरक्षित राहता येत नाही, आणि सुरक्षित राहायचं तर घरी राहता येत नाही.

राष्ट्रीय महिला आयोगाकडे २०२० या वर्षात २३,७२२ तक्रारी आल्या. त्यांतल्या साधारण ५,३०० कौटुंबिक हिंसाचाराच्या होत्या. आदल्या वर्षी हा आकडा तीन हजारांच्या आसपास होता. पण इथे जरा सावध राहूया. तक्रारींची संख्या म्हणजे हिंसेची संख्या नव्हे. तक्रार करायला फोन हाताशी लागतो, बोलायला एकांत लागतो. मारणारा चोवीस तास त्याच खोलीत असेल तर फोन करायचा कधी? म्हणूनच आयोगाला १० एप्रिल २०२० रोजी व्हॉट्सअ‍ॅपचा स्वतंत्र क्रमांक जाहीर करावा लागला. बोलता येत नसेल तर निदान लिहिता यावं, हा त्यामागचा विचार. एरवीसुद्धा, त्याच पाहणीनुसार, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. बाकीच्या आपल्या कुठल्याच मोजणीत येत नाहीत.

बाहेर जायला जागा असणं म्हणजे काय

आता जरा आमच्या विषयाकडे वळू. अ‍ॅरिस्टॉटलने घर आणि नगर यांत फरक केला. नगर म्हणजे समान नागरिकांचा व्यवहार, तिथे न्यायाची भाषा चालते. घर म्हणजे गृहप्रमुखाच्या अधिकाराखालचं क्षेत्र. ही विभागणी पुढे दोन हजार वर्षं टिकली. आपल्याकडे अ‍ॅरिस्टॉटल न वाचताच ती पाठ आहे. "त्यांच्या घरातलं भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?" हे वाक्य वाड्यात, चाळीत आणि आता सोसायटीतही तसंच बोललं जातं. जॉन स्टुअर्ट मिलने १८६९ साली स्त्रियांच्या दास्याविषयी लिहिताना हाच मुद्दा धरला होता. घरातली सत्ता न्यायाच्या बाहेर ठेवली, तर बाहेरची समताही पोकळ होते, असं त्याच्या मांडणीचं तात्पर्य आहे.

पण निवाऱ्याचा प्रश्न नीट समजायचा तर आम्हाला अमर्त्य सेन जास्त उपयोगी वाटतात. कुटुंबात सहकार्यही असतं आणि संघर्षही असतो, असं ते म्हणतात. दोघंही एकत्र राहण्यातून काहीतरी मिळवत असतात. पण कुणाच्या वाट्याला किती यायचं, कुणाचं ऐकलं जायचं, हे एका गोष्टीवर अवलंबून असतं: उद्या हे मोडलं, तर कुणाची अवस्था काय होईल? ज्याची मोडल्यानंतरची अवस्था बरी, त्याचा आवाज घरात मोठा. मोडलं तर जिला रस्त्यावर यावं लागणार आहे, ती तडजोड करत राहते. आपण त्याला तिचा सोशिक स्वभाव म्हणतो. सेन सांगतात, आधी तिच्यापुढचे पर्याय मोजा, मग स्वभावाबद्दल बोला.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. निवारा फक्त घर सोडणाऱ्या बाईच्या कामाचा असतो, असं नाही. न सोडणाऱ्या बाईलाही त्याचा उपयोग होतो. गावात जागा आहे, ती चांगली आहे, तिथे मुलांना घेऊन जाता येतं, हे दोघांनाही ठाऊक असलं, की घरातला तोल बदलतो. उगारलेला हात कधीकधी तेवढ्यानेच खाली येतो.

याला पुरावा आहे का? आहे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांच्या नावावर ना जमीन होती ना घर, त्यांच्यापैकी ४९ टक्क्यांनी शारीरिक हिंसा सोसली होती. फक्त जमीन नावावर असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, फक्त घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होतं. आकड्यांचा क्रम नीट बघा. घराचं महत्त्व जमिनीपेक्षाही जास्त दिसतं. कारण उघड आहे. संकटाच्या रात्री जमिनीवर झोपता येत नाही, घरात झोपता येतं.

टाळेबंदीत नेमकं काय बंद झालं

आता हे सगळं २५ मार्च २०२० नंतरच्या दिवसांना लावून पाहा. एरवी मार खाल्लेली बाई काय करते? बहुतेक वेळा पहिली संस्थेत जात नाही. ती माहेरी जाते, बहिणीकडे जाते, शेजारणीकडे दोन तास बसते. टाळेबंदीत एसटी बंद, रेल्वे बंद, जिल्हा ओलांडायचा तर पास हवा. मुंबईत लोकल सर्वसामान्य महिलांसाठी उघडली ती २१ ऑक्टोबर २०२० रोजी. शेजारीण दार उघडायला घाबरते, कारण साथ आहे. माहेरचेही म्हणतात, जरा दिवस निघू देत. धुण्याभांड्याची, स्वयंपाकाची कामं सुटली, म्हणजे स्वतःचे चार पैसेही गेले. सेन ज्याला मोडल्यानंतरची अवस्था म्हणतात, ती एका रात्रीत शून्यावर आली. हिंसेचं वेगळं कारण शोधत बसायची गरज नाही. नवऱ्याचं काम गेलं, दारू मिळेना किंवा मिळाली, ही निमित्तं झाली. तिच्याकडे दुसरी जागा उरली नाही आणि हे त्यालाही कळलं, हा या साऱ्याचा गाभा.

मग संस्थांचं काय? त्यांची रचना समजून घेऊ, कारण गरज पडते त्या दिवशी ही माहिती कुणाकडे नसते.

पहिली पायरी म्हणजे सखी केंद्र, म्हणजेच वन स्टॉप सेंटर. ही योजना १ एप्रिल २०१५ पासून सुरू झाली. तिथे वैद्यकीय मदत, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला आणि समुपदेशन एका छपराखाली मिळावं अशी कल्पना आहे. राहण्याची सोयही आहे, पण ती साधारण पाच दिवसांपुरती. दुसरी पायरी निवारागृहाची. त्या वेळी केंद्राची स्वाधार गृह योजना चालू होती. २०२२ पासून ती मिशन शक्तीखालच्या शक्ती सदन योजनेत मिसळली. स्वाधार गृहात कौटुंबिक हिंसाचारातून आलेल्या बाईला एक वर्षापर्यंत राहता येत असे. सोबत मुलगी असेल तर ती १८ वर्षांची होईपर्यंत चालायची. मुलगा असेल तर आठ वर्षांपर्यंतच.

या शेवटच्या नियमावर क्षणभर थांबूया. दहा वर्षांचा मुलगा असलेल्या आईला हा नियम काय सांगत होता? तू ये, मुलाला मागे ठेव. कुणापाशी? ज्याच्यापासून तू पळते आहेस त्याच्यापाशी. नियम करणाऱ्यांपुढे आतल्या इतर मुलींच्या सुरक्षिततेचा विचार असणार, तो खोटा नाही. पण त्याची किंमत एका आईला घराचा उंबरठा न ओलांडता मोजावी लागायची, आणि ती आपल्या कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. तिची नोंद "आलीच नाही" अशीही होत नाही.

टाळेबंदीत या पायऱ्यांवर आणखी एक अडचण आली. निवारागृहात माणसं एकत्र झोपतात, एकत्र जेवतात. नव्या बाईला थेट आत घेतलं तर साथ आत येण्याची भीती. तिला आधी चौदा दिवस वेगळं ठेवायचं तर वेगळी खोली हवी. ती बहुतेक ठिकाणी नव्हती. म्हणून आधी चाचणीचा अहवाल आणा, असं ठिकठिकाणी सांगितलं गेलं. रात्री अकरा वाजता अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली बाई अहवाल कुठून आणणार? इथे कुणी दुष्ट नव्हतं. अधीक्षिकेला आतल्या तीस बायकांची काळजी होती. पण दोन योग्य काळज्या समोरासमोर आल्या, की जिच्याकडे सर्वांत कमी ताकद, तिची काळजी मागे पडते. व्यवस्था आधी करून ठेवायची ती यासाठीच.

बाहेर कुणी पडायचं?

इथपर्यंत आपण एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली. ती अशी, की घर बाईनेच सोडायचं. का बरं? मारतो एक, आणि बिऱ्हाड पाठीवर घेते दुसरी. मुलांची शाळा सुटते ती तिच्याबरोबर, काम सुटतं ते तिचं. चोरी झालेल्या घरातल्या माणसांना आपण कधी म्हणतो का, की चोराला त्रास नको म्हणून तुम्हीच दुसरीकडे जा?

आपल्या कायद्याने या प्रश्नाचं उत्तर आधीच दिलेलं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरावर तिचं नाव असो वा नसो. कलम १९ नुसार दंडाधिकारी पुरुषाला घराबाहेर जायला सांगू शकतात, किंवा तिच्यासाठी तशाच दर्जाची दुसरी जागा घेऊन द्यायला, तिचं भाडं भरायला सांगू शकतात. कलम २३ नुसार तातडीने अंतरिम आदेश देता येतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी, असं कायदाच म्हणतो.

मात्र "सामायिक घर" म्हणजे कोणतं, यावर मोठा घोळ झाला. २००६ च्या बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अर्थ आखूड केला. घर सासूच्या मालकीचं असेल तर सुनेला तिथे हक्क सांगता येणार नाही, असा तो निकाल. आपल्याकडे घर बहुधा सासऱ्यांच्या किंवा सासूबाईंच्याच नावावर असतं. त्यामुळे चौदा वर्षं हजारो बायकांसाठी कलम १७ कागदावरच राहिलं. ही चूक दुरुस्त झाली ती नेमकी महासाथीच्या वर्षात. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर असू शकतं. ती तिथे कशी, किती स्थिरपणे राहिली ते बघा. त्याच निकालात हेही म्हटलंय, की हा हक्क अमर्याद नाही. वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेने जगण्याच्या हक्काशी त्याचा तोल साधावा लागेल. हे वाचताना आपल्या वयाच्या मंडळींना थोडी धाकधूक होते, ते आम्ही समजू शकतो. पण तोल साधायचा म्हणजे सुनेला बाहेर काढायचं असं नव्हे. तिची दुसरीकडे सोय लावणं हादेखील तोलच आहे.

मगाशी एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, "आरोप सिद्ध व्हायच्या आधीच माणसाला त्याच्या घरातून काढणं अन्याय नाही का? खोट्या तक्रारीही असतात." प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. उत्तर दोन भागांत देऊ. एक, अंतरिम आदेश म्हणजे शिक्षा नव्हे. तो मुदतीचा असतो, बदलता येतो, त्याची बाजू ऐकून रद्दही होतो. दोन, सत्य कळायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत चूक कोणत्या बाजूने झालेली परवडेल, हे ठरवावं लागतं. त्याला चुकून पंधरा दिवस भावाकडे राहावं लागलं, हे नुकसान भरून निघतं. तिला चुकून पंधरा दिवस मारणाऱ्याबरोबर कोंडलं, तर ते भरून निघेलच असं नाही. ऑस्ट्रियात १९९७ पासून पोलिसांना असा अधिकार आहे. घरातल्या मारणाऱ्याला ते बाहेर काढतात आणि परत यायला मनाई करतात. सध्या ही मनाई दोन आठवड्यांची असते. तोवर बाईला न्यायालयात जाता येतं.

आणि यासाठी व्हिएन्नापर्यंत जायलाच हवं असंही नाही. एप्रिल २०२० मध्ये आपल्या पुणे जिल्हा परिषदेने जाहीर केलं, की घरात हिंसा करणाऱ्या पुरुषाला आधी समज द्यायची, आणि ऐकलं नाही तर त्यालाच संस्थात्मक विलगीकरणात ठेवायचं. गावपातळीवर त्यासाठी समित्या नेमल्या. विलगीकरणाची जागा गावात तयार होतीच. आम्हाला यातली सरळ बुद्धी मोलाची वाटते. बाईसाठी खोली सापडत नाही ना, मग पुरुषासाठी आहे ती वापरा. त्याच सुमारास इटलीतल्या ट्रेंटो इथल्या सरकारी वकिलांनीही हीच भूमिका घेतली, की घर सोडायचं ते मारणाऱ्याने.

अर्थात हा उपाय सगळीकडे चालत नाही. नवरा गेला तरी दीर, सासू त्याच घरात असतात. तो रात्री परत येऊन दार वाजवू शकतो. दहा बाय दहाच्या खोलीचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो. म्हणून घरात राहण्याचा हक्क आणि घराबाहेरचा निवारा, दोन्ही हवेत. निवड बाईची हवी.

पुढच्या वेळेसाठी

दुसऱ्यांनी काय केलं तेही पाहू. फ्रान्स सरकारने मार्च २०२० च्या अखेरीस अशा स्त्रियांसाठी हॉटेलांत वीस हजार रात्रींची सोय जाहीर केली. पर्यटक नव्हते, खोल्या रिकाम्या होत्या. इंग्लंडमध्ये रेल्वे कंपन्यांनी निवारागृहाकडे निघालेल्यांना मोफत प्रवास दिला. पुढे २०२१ च्या कायद्याने घरगुती अत्याचारामुळे बेघर झालेल्या व्यक्तीला घरासाठी आपोआप प्राधान्य मिळू लागलं. आपल्याकडे जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये स्वतःहून दखल घेतली. किराणा दुकानं आणि औषधांची दुकानं तक्रार सांगण्याच्या सुरक्षित जागा कराव्यात, रिकामी हॉटेलं आणि शिक्षणसंस्था निवाऱ्यासाठी घ्याव्यात, असं सांगितलं.

साथ आणि निवारा यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, निर्बंध होते, शारदा सदनात आणखी माणसं ठेवता येईनात. त्यांनी त्यांना केडगावला नेलं, कारण तिथे आधी घेऊन ठेवलेली जमीन होती. या प्रसंगातून आपण एवढंच घ्यायचं: जागा आधी हवी. साथ आल्यावर जागा शोधली तर सापडत नाही.

मग आपण काय करायचं? प्रत्येक जिल्ह्यात साथीच्या आराखड्यातच निवाऱ्याच्या जादा खोल्या आणि नव्याने येणाऱ्यांसाठी वेगळी खोली लिहून ठेवायची. संरक्षण अधिकारी ही अत्यावश्यक सेवा मानायची, म्हणजे पोलीस अडवणार नाहीत. मुलाच्या वयाची अट आईच्या पायातली बेडी होणार नाही अशी स्वतंत्र खोल्यांची रचना करायची. निवारागृहातून बाहेर पडल्यावर पहिले काही महिने भाड्याला हात द्यायचा, कारण अनामत रकमेअभावी परत सासरी गेलेली बाई ही समेटाची गोष्ट नसते. आणि घर नावावर करायचं. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. लोक ती पैसे वाचवायला घेतात. घेऊ देत. हेतू कोणताही असो, दस्तावर नाव तिचंच राहतं.

सोसायटीत आपण काय करू शकतो, तेही सांगतो. जिन्याजवळच्या फलकावर प्लंबरचा नंबर असतो, गॅसचा असतो. तिथे १८१ हा महिला मदत क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक लिहा. भिंतीपलीकडून आवाज आला तर बेल वाजवून वाटीभर साखर मागा. मारणाऱ्याला कळतं, की कुणीतरी ऐकतंय.

लग्नात आपण नव्या सुनेला माप ओलांडायला लावतो आणि म्हणतो, हे घर आता तुझं. ते वाक्य खरं करायचं असेल, तर तिला त्या घरात निर्भयपणे राहता आलं पाहिजे आणि वेळ आलीच तर तिथून बाहेर पडून दुसरीकडे निर्भयपणे राहताही आलं पाहिजे. यातलं एकही नसेल, तर ते घर तिचं नाही. ती फक्त तिथे राहते.

आणखी चिठ्ठ्या असतील तर द्या, आपण बोलूया.